त्वचा लाल होईल, असं लिहिलं होतं

हे मी माझ्यासारख्या दिसणाऱ्या बायकांसाठी लिहिते आहे. 'दिसणाऱ्या' हा शब्द मुद्दाम वापरते. आजार सगळ्यांना सारखाच, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. गाठ जात बघत नाही की रंग बघत नाही, असं लोक म्हणतात आणि ते खरंच आहे. पण गाठ झाल्यावर आपण धीर कुठून आणायचा, कुणाकडं बघून म्हणायचं की ही बरी झाली तशी मीही होईन, तिथं मात्र रंग येतो, आडनाव येतं, बोलणं येतं. हे मला आजारपणातच कळलं.

मी रत्नमाला कांबळे. माहेर निपाणीचं, घर बेळगावात वडगावला. पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. रंगानं काळी आहे. लग्नाच्या वेळी सासरचे 'सावळी' म्हणाले, तो त्यांचा चांगुलपणा.

रिपोर्ट आला तो दिवस

माझे मिस्टर प्रकाश रेल्वेत आहेत, लोंढा जंक्शनला. त्या दिवशी ते रजा टाकून माझ्याबरोबर आले होते. डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, "कन्नड की मराठी?" मी म्हटलं, "काहीही चालेल." मग त्या कन्नडमध्ये बोलू लागल्या. हळू, नीट. फक्त आजाराचं नाव तेवढं इंग्रजीत घेतलं. छातीत गाठ आहे, ती चांगली नाही, ऑपरेशन करू, आधी औषधं देऊ, मग रेडिएशन. मी मान हलवत होते, मध्ये मध्ये प्रश्नही विचारले. वर्गात एखादा पाहुणा व्याख्यान देतो आणि आपण समोर बसून ऐकतो, तशी मी ऐकत होते.

बाहेर आल्यावर स्कूटरजवळ प्रकाश म्हणाले, "रत्ने, चल घरला." तेवढ्यानं मला रडू फुटलं. पार्किंगचा वॉचमन दुसरीकडं बघत उभा राहिला. त्याचे उपकार अजून आठवतात.

घरी माझे थोरले दीर आले होते. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "व्हईल बरं. पर कुणाला सांगू नगासा. पोरीचं लगीन व्हायचं हाय अजून."

आमची प्रज्ञा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती तिथंच उभी होती. प्रकाश काहीच बोलले नाहीत. आप्पांपुढं ते कधीच बोलत नाहीत. पण त्या दिवशी मला त्यांचा आवाज हवा होता. आजारानं नवरा-बायको जवळ येतात असं ऐकलेलं. आमच्यात सुरुवातीचे काही आठवडे उलटंच झालं. ते माझी औषधं वेळेवर आणायचे, जेवण वाढायचे, आणि माझ्याकडं न बघता लोंढ्याची गाडी पकडायचे.

आईचे हात

आई निपाणीहून आली. माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. आम्ही भावंडं त्या वासातच वाढलो. शाळेच्या दप्तराला, भाकरीला, पांघरुणाला, सगळ्याला तो वास असायचा. आईनं विड्या सोडून आता बरीच वर्षं झाली.

ती आली, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. मी म्हटलं, "आई, तुझ्या हातची आमटी कर की." तर म्हणाली, "माझ्या हातानं नगं." मागच्या दारी बसून सारखी हात धूत राहायची. साबण लावायची, वास घ्यायची, परत लावायची.

शेवटी प्रज्ञानं तिला खोदून विचारलं. तेव्हा म्हणाली, "हिला अंगावर पाजताना माझ्या बोटाला तंबाकू असायची गं. तीच हिच्या छातीत बसली."

मी तिला पुढच्या वेळी डॉक्टरबाईंकडं घेऊन गेले. आईला कन्नड चांगलं येतं. डॉक्टरबाई तिच्याशी बराच वेळ बोलल्या. असं कुणाचंही सांगता येत नाही, तुम्ही हे ओझं घेऊ नका, म्हणाल्या. आईनं मान डोलावली. पटलं होतं असं मला वाटलं नाही.

पुढं औषधांनी माझे केस गेले. टाळू कोरडी पडली, खाज सुटायची. एकदा दुपारी मी तिच्यापुढं पाट घेऊन बसले आणि म्हटलं, "आई, डोक्याला तेल लाव." तिनं हात पदराखाली घेतले. मी उठले नाही. मग हळूच तिचे हात माझ्या डोक्यावर आले. लहानपणी लावायची तसंच, कानामागून सुरू करून तिनं तेल लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीच्या वासानं मला जाग आली.

फोनमधल्या बायका

आमच्या शेजारी मागाचा कारखाना आहे. दिवसभर खटखट चालू असते, तिची सवय झाली आहे. दुपारी लाइट गेली की माग थांबतात आणि एकदम शांत होतं. त्या शांततेत मी फोन घेऊन पडायची आणि शोधायची: माझा आजार झालेल्या बायका, त्यांचे अनुभव, त्या कशा बऱ्या झाल्या.

अनुभव खूप सापडले. समुद्रकाठी कुत्रा घेऊन फिरणारी बाई. डोक्याला रंगीत रुमाल बांधून केक कापणारी बाई. आपल्या देशातल्याही होत्या. मोठ्या शहरातल्या, मोठ्या बाल्कनीत कुंड्यांजवळ बसून बोलणाऱ्या. नवऱ्यानं बायकोबरोबर स्वतःचंही डोकं भादरून घेतलंय, दोघं हसतायत. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी मला खूप काही दिलं. औषध चढत असताना तोंडात बर्फ धरावा, हे मला एकीनंच शिकवलं. मळमळत असताना कुणी आग्रह केला तर नाही कसं म्हणायचं, हेही.

पण कितीतरी दिवसांनी माझ्या लक्षात आलं की यात माझ्या रंगाची बाई एकही नाही. आमच्या गल्लीतलं आडनाव एकीचंही नाही. 'न्हाय' आणि 'लई' म्हणणारी एकही नाही. बिनकुंड्यांच्या घरातली एकही नाही.

आमच्या बायकांना हा आजार होत नाही, असं थोडंच आहे? दवाखान्याचा वेटिंग हॉल आमच्या बायकांनीच भरलेला असायचा. सौंदत्ती, गोकाक, चिक्कोडी, खानापूर, कुठून कुठून आलेल्या. उन्हात रापलेल्या, नऊवारीतल्या, बुरख्यातल्या. हॉलमध्ये आम्हीच, आणि फोनमध्ये आमच्यातली कुणीच नाही.

याचा मनावर एक वाईट परिणाम झाला. फोनमधल्या बायका बऱ्या होऊन बोलत होत्या. हॉलमधल्या बायकांचं पुढं काय व्हायचं ते मला कळत नव्हतं. एखादी यायची बंद झाली की झाली. त्यामुळं हळूहळू मला असं वाटायला लागलं की बरं होणं ही गोऱ्या बायकांची गोष्ट आहे. मी शिकलेली बाई. वर्गात मुलांना सांगते की पुराव्याशिवाय काही मानू नका. पण आजारात मन दिसेल ते धरून बसतं, आणि मला जे दिसत होतं ते असं होतं.

मग एक दिवस प्रज्ञा फोन घेऊन आली. "मम्मी, ही बघ. सेम आत्तीसारखी दिसते."

खरंच, माझ्या नणंदेसारखीच दिसत होती. तशीच ठसठशीत, काळीभोर, रुंद कपाळाची. पण ती होती अमेरिकेतली, तिथल्या काळ्या लोकांपैकी. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली होती, मागं कुकरसारखं काहीतरी शिजत होतं. तिचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं. प्रज्ञा थांबवून थांबवून सांगायची. ती म्हणत होती, मला आजार झाल्यावर मी सगळीकडं शोधलं, माझ्यासारखी बाई सापडली नाही, म्हणून मी स्वतःच बोलायला बसले.

मी तो व्हिडिओ परत परत बघितला.

तिचं दुःख आणि माझं दुःख एकच, असं मी म्हणणार नाही. तिच्या पूर्वजांचं आणि आमच्या पूर्वजांचं काय काय झालं, ते वेगवेगळं आहे. माझे वडील वखारीतून आल्यावर सभांना जायचे आणि तिथं ऐकलेलं आम्हाला सांगायचे: सातासमुद्रापलीकडं पण आपल्यासारखीच माणसं हायत, ती पण झगडालीत. लहानपणी ते मला गोष्टीसारखं वाटायचं. आता त्यातलीच एक बाई माझ्या हातातल्या फोनमध्ये बसून मला सांगत होती की उलटी झाल्यावर तोंड कशानं धुवायचं. आपल्या मराठीत, आपल्या मुलखात एक बाई सापडू नये, आणि पृथ्वीच्या त्या टोकाची सापडावी, याचं मला बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं.

दुकानातला रंग

ऑपरेशन झालं. एक बाजू गेली. त्याबद्दल फार लिहीत नाही. पहिल्यांदा आरशात बघितलं तेव्हा प्रकाश दाराबाहेर उभे होते. मी आतून म्हटलं, "येताय काय?" ते आले, बघितलं, आणि म्हणाले, "चांगलं शिवलंय." रेल्वेतला माणूस, जोड नीट बसलाय का तेच आधी बघणार. मला हसू आलं. टाके ओढले तरी हसत राहिले. त्या दिवसापासून ते परत माझ्याकडं बघून बोलायला लागले.

नंतर आम्ही दोघं बाजारात, आतून घालायचं पॅड घ्यायला गेलो. दुकानदारीण भली बाई होती. तिनं डबा उघडला आणि म्हणाली, "हे घ्या मॅडम, स्किन कलर."

गुलाबी होतं. बाळाच्या टाचेसारखं.

मी म्हटलं, "कुणाच्या स्किनचा?"

तिला कळलंच नाही. मग कळलं आणि ती गोरीमोरी झाली. "एकच रंग येतो हो," म्हणाली. दुसरीकडंही विचारलं, तिथंही एकच रंग. शेवटी प्रज्ञानं घरी कॉफी रंगाच्या सुती कापडाची खोळ शिवून त्याला घातली. कुणाला दिसणार होतं ते? कुणालाच नाही. पण मला रोज दिसत होतं.

करंट

रेडिएशनला आमच्याकडं लोक 'करंट देणं' म्हणतात. रोज जायचं, हॉलमध्ये बसायचं, नाव पुकारलं की गाऊन घालून टेबलावर आडवं व्हायचं. सगळे बाहेर जातात, जाड दार बंद होतं, आणि आपण एकटे. दुखत काही नाही. तिथली सिस्टर रोज दार लावताना म्हणायची, "अंजब्याड्री, अक्का." भिऊ नका, अक्का. रोज तेच, त्याच आवाजात. त्यावर मी किती दिवस काढले ते माझं मलाच माहीत.

सुरुवातीला एक माहितीपत्रक दिलं होतं. त्यावर एका गोऱ्या खांद्याचा फोटो, त्यावर लाल चट्टा. खाली लिहिलेलं: त्वचा लाल झाल्यास कळवा.

मी रोज आरशात लाल शोधायची. लाल कधी झालंच नाही. काखेत आणि छातीवर कातडी आधी निळसर झाली, मग काळी, मग तव्याच्या बुडासारखी काळीकुट्ट. ओढल्यासारखी व्हायची. रात्री कुशीवर वळता येईना. टेक्निशियननं विचारलं, "लाल झालंय का?" मी खरं तेच सांगितलं, "नाही." त्यानंही बघितलं आणि म्हणाला, "हो, लाली नाही." मंद दिव्यात आणखी दिसणार तरी काय?

मग मला त्या अमेरिकेतल्या बाईचं बोलणं आठवलं. तिनं एक व्हिडिओ फक्त कातडीवर केला होता. लालीची वाट बघू नका, ती म्हणाली होती. आपल्या कातडीवर ती दिसत नाही. आपल्याकडं जांभळं होतं, राखाडी होतं, काळं होतं. हात लावून बघा. गरम लागतंय का, दुखतंय का ते बघा. आणि कुणी विचारायची वाट न बघता मोठ्यानं सांगा.

मी त्या दिवशी टेबलावर चढलेच नाही. म्हटलं, आधी डॉक्टरबाईंना भेटायचं आहे. टेक्निशियन म्हणाला, त्यांचा राउंड चालू आहे. मी म्हटलं, बसते.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी दिवा जवळ घेतला, काख उघडून बघितली. आत कातडी फाटून ओली झाली होती. त्यांचा चेहरा बदलला. करंट थोडे दिवस थांबवला, मलम दिलं, ड्रेसिंग सुरू केलं. हे उशिरा कळलं असतं तर जखम चिघळून उपचार बराच काळ अडकला असता, असं त्यांनी सांगितलं.

जाताना मी त्यांना माहितीपत्रक दाखवलं. त्या खुर्चीत टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या पुस्तकातले फोटोही असेच होते. मी इतकी वर्षं इथं आपल्याच माणसांची कातडी बघते आहे, तरी डोळे अजून लालच शोधतात." मग स्वतःच म्हणाल्या, "हे बदलायला पाहिजे." त्यांनी ते मोकळेपणानं कबूल केलं, याचं मला त्या मलमाइतकंच बरं वाटलं.

टीव्हीवरची मी

उपचार संपले. काही महिन्यांनी दवाखान्याच्या संपर्क विभागातल्या मुलीचा फोन आला. अश्विनी तिचं नाव, हुबळीकडची. हॉलमधल्या टीव्हीवर लावायला बऱ्या झालेल्या पेशंटचे व्हिडिओ करतोय, तुम्ही बोलाल का?

मी आनंदानं हो म्हटलं. ज्या गोष्टी मला शोधून सापडल्या नव्हत्या, त्या सगळ्या सांगितल्या. निपाणी, आईच्या विड्या, आईनं लावलेलं तेल, काळी पडलेली कातडी, गुलाबी पॅड. सुरुवातीला पूर्ण नाव सांगितलं. मध्येच मी 'लई दुखायचं' म्हणाले तर अश्विनी गोड बोलून म्हणाली, "मॅडम, ते परत एकदा, जरा चांगल्या मराठीत?" मी परत म्हटलं, 'खूप वेदना होत असत.'

व्हिडिओ आला तेव्हा आम्ही तिघं सोफ्यावर बसून बघितला. मागं हळुवार वाद्यं. खाली नाव नुसतं 'रत्नमाला, बेळगाव'. विड्या नाहीत, तेल नाही, कातडी नाही. डॉक्टरांचे आभार, सकारात्मक विचार आणि हसणं तेवढं होतं. आणि चेहरा असा उजळ केलेला, की प्रकाशनी विचारलं, "ही कोण?"

प्रज्ञा म्हणाली, "मम्मीच आहे, पप्पा. दुधात बुडवून काढलीय."

मला राग आला. मग वाटलं, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठले, आता एका व्हिडिओवरून कुठं भांडत बसायचं? मी गप्प बसले.

शेवंतामावशी

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा हॉलमध्ये माझ्या शेजारी एक बाई बसली होती. सदलग्याची. शेवंता तिचं नाव. उसाच्या शेतात भांगलणीला, तण काढायला जाणारी, माझ्याहून थोडी मोठी, माझ्याहून काळी. पदर मानेपासून लांब धरून बसली होती. तसा पदर का धरतात ते मला कळतं.

"मावशी, करंट चाललाय काय?" मी विचारलं.

"चालला हुता. आता सोडला," ती म्हणाली. "भाऊ बसचं बघाय गेलाय. आला की जाणार गावाकडं. तिथं एकजण पाला देतोय."

"का सोडला?"

"आंग करपलं माझं. कोळसा झाला. ही माणसं लाल झालंय काय म्हणत्यात. न्हाय म्हणलं की चला म्हणत्यात आत."

तेवढ्यात समोरच्या टीव्हीवर माझा व्हिडिओ लागला. शेवंतामावशीनं हनुवटीनं तिकडं दाखवलं.

"ह्या बाईला बघा. कशी हसालीया. तिला झालंय कुठं काय? गोरी माणसं ती, त्यांच्या कातडीला सोसतंय. आमी उन्हात करपल्याली. ह्यो करंट आमच्यासाठनं न्हाय."

जे मी फोनमधल्या बायकांकडं बघून मनात म्हणत होते, तेच ती माझ्याकडं बघून म्हणत होती.

"मावशी," मी म्हटलं, "ती बाई मीच हाय."

तिनं टीव्हीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. परत टीव्हीकडं.

"काय तर बोलू नगा."

"खरंच. मीच ती."

"तुमी तर काळ्या हायसा की!"

मी इतक्या मोठ्यानं हसले की सगळा हॉल वळून बघायला लागला. मग तीही हसली, आणि हसताना कातडी ओढली म्हणून कळवळली. मी तिला उठवून बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत नेलं. दार लावलं आणि ब्लाऊज बाजूला केला. माझी काख, छातीची ती बाजू. रंग तेव्हाही बाकीच्या अंगापेक्षा काळाच होता, पण कातडी बरी झाली होती, मऊ झाली होती.

तिनं विचारलंही नाही. सरळ हात लावला.

"माझ्यावानीच," ती म्हणाली. "दुखतंय?"

"आता न्हाय. तवा लई दुखायचं. आतनं फाटलं हुतं."

"मग?"

"डॉक्टरबाईला दावलं. थोडे दिस थांबवलं, मलम दिलं. मग परत घेतला करंट. सगळा पुरा केला."

"तुमची पण लाल न्हवती झाली?"

"आपली लाल हुत न्हाय, मावशी. आपली काळीच हुतीया. ते सांगायचं राहिलंय सगळ्यांचं."

ती बराच वेळ माझ्या कातडीवर बोट फिरवत उभी राहिली. बाहेर तिच्या भावाचा आवाज आला, "आक्का! चल की, बस सुटंल."

तिनं पदर सावरला, दार उघडलं आणि म्हणाली, "थांब रं. जाऊ दे एक बस. आधी बाईला दावून येतो."

मी तिच्याबरोबर आत गेले. डॉक्टरबाईंना या खेपेला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी बघताक्षणी दिवा ओढला आणि मलमाची चिठ्ठी लिहिली.

नाव

तिथून मी थेट अश्विनीकडं गेले. हॉलमध्ये काय झालं ते सांगितलं.

ती आधी म्हणाली, "मॅडम, आम्ही सगळ्यांचेच चेहरे ब्राइट करतो. पेशंटला बघून प्रसन्न वाटावं म्हणून."

"त्या बाईला बघून काय वाटलं ते सांगितलं ना आत्ता."

तिचा स्वतःचा रंगही माझ्याच जवळपासचा होता. टेबलाकडं बघत म्हणाली, "माझ्या लग्नाच्या फोटोत पण असंच केलंय." मग म्हणाली, वरच्यांना विचारावं लागेल, पण हा व्हिडिओ मी आज काढून टाकते. तेवढं तिनं लगेच केलं. डॉक्टरबाईंनीही नव्या व्हिडिओसाठी आणि नव्या माहितीपत्रकासाठी पाठपुरावा केला. माहितीपत्रकावर आता दोन फोटो आहेत. त्यातला एक माझ्या काखेचा आहे. माझ्या आयुष्यातला हा एकमेव फोटो ज्याच्यासाठी मी पावडर लावली नाही.

पण दवाखान्याच्या व्हिडिओची वाट बघत बसायचं नाही, असं प्रज्ञा म्हणाली. रविवारी सकाळी तिनं मला घरीच मागच्या दारी बसवलं. शेजारी माग चालू होते, राहू दे म्हणाली. आप्पा चहाला आले होते. त्यांनी सगळी तयारी बघितली आणि म्हणाले, "बोला की, चांगलंच हाय. पर आडनाव कशाला? उगा लोकं फाटे फोडत्यात. आणि पोरीचं..."

प्रकाश बूट घालत होते, ड्युटीला निघालेले. तसेच वाकून, मान वर न करता म्हणाले, "असू दे आप्पा. तिचं नाव हाय ते. सांगू दे."

आप्पांनी चहा संपवला. निघाले नाहीत. मी बोलले ते सगळं कोपऱ्यात बसून त्यांनी ऐकलं.

मी आमच्या बोलीत बोलले. लई दुखायचं तिथं लई दुखायचं म्हटलं. कातडी दाखवली, जेवढी दाखवता येते तेवढी. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं. एकानं लिहिलं, आता आजारातही जात आणली का. दोघातिघांनी त्याला होला हो केलं. त्यांना मी उत्तर दिलं नाही. कुणी आणली आणि केव्हा आणली हे सांगायला जागा फार लागते. खानापूरकडच्या एका बाईनं विचारलं, हे काळं किती दिवसांनी निवळतं? तिला मी लांबलचक लिहिलं. आता ती मधूनमधून फोन करते.

त्या अमेरिकेतल्या बाईच्या व्हिडिओखालीही मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, की तुमच्यामुळं माझी जखम वेळेवर कळली. उत्तर आलं नाही. तिनं बऱ्याच दिवसांत नवीन काही टाकलेलं नाही. ती कशी आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. प्रज्ञा म्हणते, कामात असेल. मीही तसंच म्हणते.

मी स्वतः पूर्ण बरी आहे का? दर काही महिन्यांनी तपासणी असते. आदल्या दिवशी जेवण जात नाही. रिपोर्ट चांगला आला की जातं. सध्या एवढंच खात्रीनं सांगू शकते.

शेवटचा करंट

शेवंतामावशीचा करंट संपला त्या दिवशी तिनं मुद्दाम निरोप पाठवला, या म्हणून. मी आणि प्रज्ञा गेलो. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली ती भावाबरोबर बसली होती. माझ्यासाठी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आणली होती. मानेवर पदर आता नीट घेतला होता.

प्रज्ञाच्या हातात फोन बघून म्हणाली, "पोरी, माझाबी काढ की त्यो."

भाऊ म्हणाला, "आक्का, तुला काय बोलाय येतंय?"

"तोंड हाय की मला."

ती सरळ बसली. पदर एकदा काढला, परत घेतला. मग फोनकडं बघून, शेताच्या पलीकडच्या बांधावरच्या बाईला हाक मारावी तशा आवाजात सुरू झाली:

"मी शेवंता. सदलग्याची. मला छातीची गाठ झालती. कापली. मग करंट दिला, तर आंग काळं झालं. मी आधीच काळी, त्यात आणि काळी झालो. भ्यालो. सोडून चाललोतो. सोडला न्हाय. आता निवळाय लागलंय, हे बघा." तिनं मानेवरचा पदर बाजूला करून दाखवलं. "तर बायांनो, कुणाला झालं तर या हितं. भिऊ नगासा. लाल न्हाय झालं तरी दुखालंय म्हणून सांगा. वरडून सांगा. एवढंच."

प्रज्ञानं फोन तिच्या हातात दिला. मावशीनं सगळा व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. तोंडावर हात ठेवून, डोळे बारीक करून. भावाला दाखवला. परत बघितला.

"झालीया बरी," ती म्हणाली. "धाड आता आमच्या गावाकडं."